बाईंची किळस

बाई सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढायच्या, पायानं खुर्ची मागे ढकलायच्या आणि दोन्ही तळवे ॲप्रनला पुसायच्या. हाताला काहीही लागलेलं नसायचं. हातमोजे घातलेले असायचे आणि त्यांच्या आतले हात साबणानं धुऊन धुऊन पांढरे पडलेले असायचे. तरी त्या पुसायच्या आणि म्हणायच्या, "शी! तिथंच जेवला, तिथंच घाण केली."

हा जेवणारा म्हणजे मलेरियाचा परजीवी. काचेवर रक्ताचा थेंब पसरून रंगवला की तो दिसतो. तांबड्या पेशीच्या आत जांभळट ठिपका आणि त्या ठिपक्याच्या पोटात एक तपकिरी कण. त्या कणाला शास्त्रात चांगलं भारदस्त नाव आहे. बाईंना ते माहीत होतं, त्यावर त्यांनी व्याख्यानं दिली होती. पण सूक्ष्मदर्शकाशी बसल्या की त्या त्याला विष्ठाच म्हणायच्या.

कामावर मनापासून प्रेम करणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. बाईंना आपल्या कामाची मनापासून किळस यायची. आणि त्या किळसेच्या बळावर त्या आयुष्यभर तेच काम करत आल्या होत्या.

मी नाशिकची. नवऱ्याला जयपूरला आयटीत नोकरी लागली, त्याच्यामागे मी आले आणि काही महिने घरात बसून कंटाळले. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात एका लहानशा औषध कंपनीच्या वरच्या मजल्यावर संशोधनाची प्रयोगशाळा होती, तिथं जागा निघाली. मुलाखतीला गेले. समोर बसलेल्या बाईंनी माझ्या अर्जावरचं नाव वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सरळ मराठीत म्हणाल्या, "नखं दाखव."

मी नखं दाखवली. नोकरी मिळाली. पुढं कधी तरी मी त्यांना विचारलं की माझी पदवी वगैरे काहीच कसं पाहिलं नाहीत, तर म्हणाल्या की पदव्या सगळ्यांच्या सारख्याच असतात.

बाई नागपूरच्या. एकट्या राहायच्या, बनी पार्कात एका जुन्या बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत. कंपनीत सगळे त्यांना मॅडमजी म्हणत. मी शाळेच्या सवयीनं बाई म्हणाले, ते त्यांना आवडलं. "मॅडमजी म्हटलं की कोणीतरी अंगाला तेल लावून राहिलंय असं वाटते मला," त्या म्हणाल्या.

त्यांना कशाकशाची किळस यायची हे सांगत बसले तर संध्याकाळ होईल. जिन्याच्या कोपऱ्यातल्या गुटख्याच्या पिचकाऱ्यांची यायची, ती कोणालाही येईल. पण बाई हात धुतल्यावर नळाची तोटीही साबणानं धुवायच्या, कारण मळक्या हातानं ती उघडलेली असते. केळी सोलण्याआधी साबणानं धुवायच्या. दुपारी कंपनीतली मंडळी वर्तमानपत्राच्या कागदात कचोऱ्या मागवत, तेव्हा तो कागद तेलानं पारदर्शक होत जाताना पाहून बाई खिडकीकडे तोंड फिरवायच्या. आणि खिडकीत कबुतरं. शेजारच्या कारखान्याचा मालक रोज सकाळी गच्चीवर ज्वारी टाकायचा, ती खाऊन सगळी फौज आमच्या एसीच्या डब्यावर येऊन बसायची आणि तो डबा पांढरा करायची. "पुण्य त्याचं, घाण माझी," बाई म्हणायच्या. एकदा त्या त्या मालकाकडे तक्रार घेऊनही गेल्या होत्या. त्यानं त्यांना पाटावर बसवून सरबत दिलं, ते ग्लासावरचा बोटाचा ठसा पाहून त्यांनी प्यायलं नाही.

माझ्या पुरणपोळ्या मात्र त्यांनी खाल्ल्या. खाण्याआधी एवढंच विचारलं की तूप हातानं लावलं की चमच्यानं.

अशा बाईंच्या ताब्यात आमचा तो परजीवी होता. उबदार कपाटात, चपट्या बाटल्यांत, माणसाच्या रक्तात वाढवलेला. त्याला रोज नवं खाद्य लागतं, दर दोन-तीन दिवसांनी ताजं रक्त लागतं आणि सुट्टी म्हणून काही नसतं. दिवाळीला जोहरी बाजारात रोषणाई बघायला अख्खं शहर लोटलेलं असताना बाई बाटल्यांतलं जुनं पाणी ओढून काढत बसायच्या. ते पाणी थंड झालेल्या चहासारखं दिसायचं. वास मात्र ओल्या लोखंडाचा, त्यात काहीतरी गोडसर मिसळलेलं. पहिले काही दिवस घरी गेल्यावर माझ्या पोळीलाही तो वास यायचा आणि मी ताट सारून उठायचे.

मला काम शिकवताना बाईंनी जे सांगितलं ते मी कधी विसरणार नाही. त्या म्हणाल्या, आधी तो पेशीला चिकटतो. त्याच्याकडे एन्झाइम असतात, प्रथिनं कापणाऱ्या कात्र्या समज. एक कात्री चालवून तो आत शिरतो. तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनशिवाय असतं काय? मग दुसरी कात्री काढतो. हिमोग्लोबिनचे तुकडे, तुकड्यांचे तुकडे, आणि गिळायचं. लोहाचा भाग उरतो, तो त्याला पचत नाही, उलट त्याच्याच जिवावर उठतो, म्हणून त्याचे खडे करून पोटात ठेवतो. पोट भरलं की एकाची पोरंबाळं होतात, आणि निघायच्या वेळी तिसरी कात्री घेऊन पेशीची भिंतच फाडतात. सगळीच्या सगळी बाहेर, प्रत्येक जण नव्या पेशीत.

"म्हणजे पाह्य," बाई म्हणाल्या, "पाहुणा आला, कोठार रिकामं केलं, ताटातच घाण केली आणि जाताना भिंत पाडून गेला. दार होतं ना बाप्पा! काहून भिंत पाडतो?"

पाहुणा या शब्दावर त्यांचा आवाज चढायचा. बाईंच्या घरी पाहुणा कधी राहिला नाही.

आमचं काम होतं ती दुसरी कात्री बंद पाडायचं. कंपनीच्या रसायनवाल्यांनी एक नवा रेणू बनवला होता, तो त्या कात्रीच्या पात्यात अडकून बसेल अशी आशा होती. कात्री चालली नाही की हिमोग्लोबिन तुटणार नाही, आणि भरल्या कोठारात बसून तो उपाशी मरेल. बाईंना ही कल्पना फार आवडायची. मला वाटतं, त्यांना तो मरण्यापेक्षा उपाशी मरणं जास्त हवं होतं.

आता एक रिवाज सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. अशा प्रयोगशाळांत रक्ताची पिशवी रक्तपेढीतून येते, पण कधी कधी खंड पडतो, आणि तेव्हा तिथलीच माणसं आपलं थोडं रक्त देतात. गट 'ओ' हवा. आमच्याकडे नवा माणूस आला आणि त्याचा गट ओ निघाला की एकदा तरी त्यानं रक्त द्यायचं, मग त्याला चहा-बिस्किट आणि थोडी चेष्टा. मी यातून सुटले, माझा गट बी. बाईंचा ओ होता. पण बाईंनी कधीच दिलं नव्हतं. कोणी विषय काढला तर त्या एवढंच म्हणत, "माझं रक्त त्या बेट्याला पाजणार नाही."

आम्हाला ती त्यांची आणखी एक तऱ्हा वाटायची.

मग धुलंडी आली, म्हणजे आपली धुळवड. जयपुरात त्या दिवशी दुपारपर्यंत रस्त्यावर रंगाशिवाय काही नसतं. नवऱ्यानं मला स्कूटरवर सोडलं तेव्हा मी डोक्यापासून पायापर्यंत हिरवी-गुलाबी होते. बाई फाटकाशी उभ्या होत्या. ऐन मार्चच्या उन्हात अंगात लांब रेनकोट, डोक्यावर टोपी, पायांत गमबूट. रखवालदार तोंड फिरवून हसत होता. बाईंनी मला आपादमस्तक पाहिलं आणि दहा पावलं लांब राहूनच वर चल म्हणाल्या.

वर गेलो तर फ्रीज बंद. सुट्टीमुळं खाली कोणी नव्हतं, वीज जाऊन आली होती आणि त्या एका फ्रीजचा खटका पडलेला कोणाला कळलाच नव्हता. मी दार उघडलं. आतली रक्ताची पिशवी फुगून टम्म झाली होती आणि तिच्या सांध्यातून काळपट काहीतरी खालच्या कप्प्यात उतरलं होतं. तो वास मी इथं लिहिणार नाही. मी तोंडावर ओढणी धरून बाहेर पळाले. बाईंनी मात्र ते सगळं स्वतः साफ केलं. चार पिशव्यांत बांधलं, कप्पा पुसला, पुन्हा पुसला, आणि मग बेसिनमध्ये ओकल्या.

दुसऱ्या फ्रीजमध्ये धुऊन ठेवलेलं थोडं रक्त शिल्लक होतं. बाईंनी औषध न घातलेल्या बाटल्यांना ते दिलं. औषधाच्या बाटल्या उरल्या. त्यांना आज रक्त मिळालं नाही तर कित्येक आठवड्यांचा प्रयोग वाया जाणार होता.

मी म्हटलं, कोणाला तरी फोन करते. त्यावर बाई म्हणाल्या की कोण येईल, सगळे भांग पिऊन पडले असतील. मग त्यांनी रेनकोट काढला, बाही वर सारली आणि माझ्यासमोर हात ठेवला. मी आधी पॅथॉलॉजीत काम केलेलं, मला रक्त काढायचा हात होता.

"रंग धुऊन ये आधी," बाई म्हणाल्या. "कोपरापर्यंत."

मी धुऊन आले. सुई टोचताना त्यांनी भिंतीकडे तोंड केलं होतं. नळी भरत होती तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "बेट्याच्या नशिबात होतं." अर्ध्या बाटल्यांना एक रक्त आणि अर्ध्यांना दुसरं, हे बरोबर नाही हे आम्हा दोघींनाही कळत होतं. मी तसं बोललेही. बाई म्हणाल्या, ओ तो ओ, रक्त ते रक्त, पुढच्या वेळी नीट करू.

दोन-चार दिवसांनी त्यांनी मला हाक मारली. "पाह्य." मी पाहिलं. औषधाच्या बाटलीतल्या पेशींत परजीवी जवळजवळ नव्हतेच. जे होते ते आक्रसलेले, खरवडून काढल्यासारखे, आणि त्यांच्या पोटात तो तपकिरी कण नव्हता. दुसऱ्या बाटलीत मात्र नेहमीसारखी पंगत बसलेली.

"उपाशी मेला," बाई म्हणाल्या. तळवे पुसले नाहीत. पहिल्यांदाच.

कंपनीचे मालक वर आले. सूक्ष्मदर्शकातून त्यांना काय दिसलं देव जाणे, पण त्यांनी फोनवर फोटो काढून घेतला आणि अर्ध्या तासात मावा कचोऱ्यांचा खोका आला. आणि तुम्हाला खरं वाटणार नाही, बाईंनी ती पाकात बुडालेली कचोरी हातानं खाल्ली. कागदावरून उचलून. बोटंसुद्धा चाटली.

नवीन पिशवी आल्यावर बाईंनी प्रयोग पुन्हा लावला, सगळ्या बाटल्यांना एकच रक्त. औषधाच्या बाटलीत परजीवी मजेत जेवत बसले. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग एके सकाळी त्यांनी पुन्हा बाही वर सारली. या वेळी त्यांनी आपलं रक्त औषध न घालता बाटलीत टाकलं.

परजीवी त्या बाटलीतही मेले. औषधाचा काही संबंधच नव्हता.

बाईंनी ती बाटली परत कपाटात ठेवली. नंतर मला विचारलं, "तुझ्या पर्समध्ये नेलपॉलिश आहे?" होतं, लाल. त्यांनी आपल्या रक्ताचा थेंब काचेवर घेतला, वर पातळ काच ठेवली आणि कडा माझ्या नेलपॉलिशनं बंद केल्या, म्हणजे आत हवा जायला नको. हे का करतात ते मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती काच पाहिली आणि मला पाहायला लावली. गोल पेशींमधे कितीतरी पेशी ताणून विळ्यासारख्या झाल्या होत्या. सिकलसेल, आई-वडिलांच्या रक्तातून येणारा आजार. बाईंना तो आजार नव्हता, त्या नुसत्या वाहक होत्या. आई किंवा वडील, कोणा एकाकडून ते आलं होतं. अशा रक्तात हवा कमी असली, आणि आमच्या बाटल्यांत ती मुद्दाम कमीच ठेवलेली असते, की परजीवीचं नीट भागत नाही, म्हणून वाहकाला मलेरिया फारसा छळत नाही. हे प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. बाई स्वतः ते शिकवत. विदर्भात हे पुष्कळ घरांत असतं हेही त्या शिकवत. आपल्या घरात बघावं असं मात्र त्यांना कधी वाटलं नव्हतं.

मला वाटलं त्या आता शी म्हणतील. त्या खुर्चीत बसून राहिल्या. बाहेर एसीवर कबुतरं घुमत होती.

"माझा भाऊ होता," त्या म्हणाल्या. "धाकटा. शाळेतही गेला नव्हता अजून."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. वडील तेव्हा चंद्रपूरकडे बदलीवर होते, जंगलाकडचं गाव. घरात मच्छरदाणी एकच. एका रात्री पाहुणे आले आणि आईनं मच्छरदाणी पाहुण्यांना दिली, पोरं तशीच झोपली. काही दिवसांनी भावाला ताप आला. डॉक्टरांनी मलेरिया सांगितला, इंजेक्शनं दिली, पण तो वाचला नाही. आईनं ते मच्छरदाणीच्या हिशेबात मांडून टाकलं. त्यानंतर त्या घरात कोणी मच्छरदाणीशिवाय झोपलं नाही. दुपारी अर्धा तास पडायचं असलं तरी आई आधी मच्छरदाणी लावायची, चारही बाजूंनी गादीखाली खोचायची आणि मग आत शिरायची. अजूनही तसंच चाललं होतं.

बाईंनी हे सगळं असं सांगितलं जसं एखाद्या दुसऱ्याच घराबद्दल सांगत असाव्यात. मग म्हणाल्या, "त्याची बोटं सुजायची. तान्हा होता तेव्हापासून. हात-पाय दुखतात म्हणून रडायचा, मी तेल चोळून द्यायची. डोळे पिवळे असायचे. सांग, मलेरियात बोटं सुजतात का?"

मलेरियात सुजत नाहीत, सिकलसेलमध्ये सुजतात. आई-वडील दोघंही वाहक असले तर एखाद्या मुलाला दोघांकडूनही ते मिळतं, आणि मग तो वाहक राहत नाही, आजारी होतो. बाई म्हणाल्या की आता खात्री कशानंच होणार नाही. शेवटचा ताप मलेरियाचा असेलही. पण तो पोरगा त्या रात्रीच्या आधीपासून मरून राहिला होता आणि कोणाला कळलं नाही.

"आणि मी या बेट्याला शिव्या घालत बसली," त्या म्हणाल्या. "जन्मभर. मला माझीच किळस येऊन राहिली."

त्यांनी तळवे पुसले, पण ॲप्रनला नाही. नुसतेच एकमेकांवर चोळत राहिल्या.

मालकांना खरं सांगायला त्यांना जराही वेळ लागला नाही. त्याच दुपारी आम्ही खाली गेलो. मालक जेवून दात कोरत बसले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि दातातलं काढलेलं बोटानं टेबलाच्या कडेला पुसलं. तो फोटो त्यांनी आधीच एका मोठ्या कंपनीला दाखवला होता, औषध विकायची बोलणी चालू होती. ते म्हणाले, "मैडमजी, खून तो खून है. दवा वाली बोतल में कीड़े मरे कि नहीं मरे? बस."

बाईंचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता त्या तिथंच ओकणार. रक्त ते रक्त, हे धुलंडीच्या दिवशी त्याच म्हणाल्या होत्या. मलाही त्या माणसाच्या टेबलाकडे पाहवत नव्हतं.

"वो मेरे खून की फोटो है," बाई म्हणाल्या. "गोली में मेरा खून भरोगे क्या?"

मालक हसले. बाई वर आल्या आणि ज्यांच्याशी बोलणी चालली होती त्यांना त्यांनी स्वतःच सगळं लिहून कळवलं, आपली चूक अगोदर. महिनाअखेर प्रयोगशाळा बंद करायचं ठरलं. शेवटच्या दिवशी बाटल्यांत ब्लीच ओतायचं काम बाईंनी माझ्यावर सोपवलं. मला वाटलं होतं त्या ते आनंदानं स्वतः करतील. त्या दुसऱ्या खोलीत पुस्तकं बांधत बसल्या. तो तांबडा रंग क्षणात विटून गढूळ झाला.

बाई नागपूरला निघण्याआधी मी त्यांच्या खोलीवर गेले होते. सामान बांधून झालं होतं. जमिनीवर बसलो. बाईंना नोकरीची काळजी नव्हती, निदान तशी दिसत नव्हती. त्यांना एकाच गोष्टीनं घेरलं होतं, की आईला सांगायचं की नाही. आई आता ऐंशीच्या घरात. सांगितलं नाही तर ती मच्छरदाणीचं ओझं घेऊन मरणार. आणि सांगितलं तर?

"मच्छरदाणी तिच्या हातातून काढून घेईन," बाई म्हणाल्या, "आणि मग हातात काय देईन? की आई, तुझ्याच रक्तातून गेला तो? तुझ्या आणि बाबांच्या?"

मी त्यांना सल्ला द्यायला गेले. म्हटलं, राहू द्या ना, या वयात कशाला. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं जसं त्या नळाच्या तोटीकडे पाहायच्या. निघताना विचारलं, स्टेशनवर येऊ का, तर म्हणाल्या, "नको. घाण असते तिथं."

त्यानंतर बराच काळ त्यांचा काही निरोप आला नाही. मला दुसरीकडे काम लागलं, एका शाळेत, जिथं रक्ताचा संबंध मुलांच्या फुटलेल्या गुडघ्यांपुरता. पावसाळा संपता संपता एकदा मीच फोन केला. बाईंचा आवाज बसका होता. इकडचं तिकडचं बोललो. नागपुरात कचऱ्याच्या गाड्या वेळेवर येत नाहीत, भाजीवाला नाक शिंकरून त्याच हातानं टोमॅटो देतो, असं सगळं त्यांनी सविस्तर सांगितलं. मला बरं वाटलं. मग मीच विचारलं, आईंना सांगितलंत का.

सांगितलं होतं. जेवण झाल्यावर, आई सुपारी कातरत बसली होती तेव्हा. बाईंनी सगळं समजावून सांगितलं, रक्त, वाहक, विळ्यासारख्या पेशी. आईनं मधे काही विचारलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, म्हणजे मी त्या रात्री मच्छरदाणी लावली असती तरी? बाई म्हणाल्या, बहुतेक तरी. मग घाबरून म्हणाल्या, आई, पण ते रक्तातून आलं म्हणजे तुझी काही चूक असं नाही.

"तर आई काय म्हणाली माहीत आहे?" बाईंनी मला विचारलं. "म्हणाली, रक्त काय माझ्या हातात होतं? मच्छरदाणी माझ्या हातात होती."

मला वाटलं एवढंच, पण बाई पुढं बोलल्या. त्या दिवशी दुपारी त्या आईच्या खोलीत डोकावल्या, तर मच्छरदाणी वर गुंडाळलेली आणि आई पलंगावर तशीच झोपलेली, पाय उघडे. पायावर डास बसून राहिले होते, रक्त पिऊन फुगलेले.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, वर्तमानपत्र घेऊन हाकलत बसली मी," बाई म्हणाल्या. "उठेपर्यंत. तिला उठवलं नाही."